नोरीनच्या स्वयंपाकघरातलं झाड

"ही माणसं रडायला टपलेली असतात, पोरी. त्यांना निमित्त देऊ नकोस."

नोरीन हे म्हणाली तेव्हा मी हसले होते. तिचा आवाजच तसा होता, वाळलेल्या शेंगा मुठीत चोळल्यासारखा. तिने काहीही म्हटलं तरी आधी हसू यायचं आणि अर्थ मागाहून, भांडी घासताना वगैरे. आम्ही तिच्या घराच्या पायरीवर बसलो होतो. पायरी म्हणजे तिकडची. मी इकडे टास्मानियात, डेव्हनपोर्टमध्ये, आमच्या घराच्या मागच्या खोलीत, कानांवर हेडफोन आणि मांडीवर दूध पिऊन सुस्तावलेली माझी तान्ही अ‍ॅगी. ती पाण्यापलीकडे, ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या कुठल्याशा खाडीकाठच्या गावात, आपल्या काकाकुव्याच्या पिंजऱ्याशेजारी. आणि पायरी या दोन्ही ठिकाणी नव्हती. ती संगणकाच्या पडद्यातल्या एका बेटावर होती, जिथे माणसं स्वतःला हवं तसं शरीर घडवतात, घरं बांधतात, शेजार करतात आणि आपापल्या खऱ्या आवाजात एकमेकांशी बोलतात. आमच्या गल्लीत सात घरं. शिंपली गल्ली. सगळ्यांनी स्वतःला पंचविशीतलं, सडपातळ, वाऱ्यावर केस उडणारं केलेलं. नोरीनने तेवढी स्वतःला म्हातारी केली होती: जाड घोटे, सुती झगा, हनुवटीवर तीळ, हातात काठी. "खोटं दिसायलाही कष्ट पडतात," म्हणायची, "आणि माझे गुडघे दुखतात." समोर डेस्लीचं घर. त्या दिवशी डेस्ली आपल्या व्हरांड्यात कोणाच्या तरी मेलेल्या कुत्र्यासाठी दिवे लावत होती, गल्ली सगळी तिथे जमलेली, आणि माणसं खरोखर रडत होती. हेडफोनमधून नाकं ओढल्याचे आवाज येत होते. मला ते सुंदर वाटलं. कुत्र्यासाठीसुद्धा, मी म्हटलं, बघ ना. "तेच सांगतेय," नोरीन म्हणाली. "तो कुत्रा जिवंत होता तेव्हा त्याचं नाव किती जणांना ठाऊक होतं?"

तिचा निरोप आला तेव्हा मी ब्लफ नावाच्या समुद्रकाठच्या टेकाडावरच्या बागेत अ‍ॅगीला झोका देत होते. ऑगस्ट संपत आलेला. वॅटलची झाडं पिवळीधमक फुलली होती, सामुद्रधुनीवरून कान कापणारा वारा येत होता आणि गवतात घरटी केलेल्या टिटव्या कोणी जवळून गेलं की अंगावर झेपावत होत्या. माझा एक डोळा टिटव्यांवर, एक अ‍ॅगीच्या टोपीवर. अ‍ॅगी झाल्यापासून माझे दोन डोळे एका गोष्टीवर कधी नसतात. कोटाच्या खिशात फोन थरथरला. काढून बघितलं तर नोरीनचं नाव. नोरीनला जाऊन, म्हणजे आम्ही तिला पोचवून, दोन महिने उलटून गेले होते. खाली लिहिलं होतं: माझ्या स्वपाकघरत हे झाड कोणचं.

झोका येत राहिला आणि मी ढकलत राहिले. मला भीती वाटली नाही. आनंदही झाला नाही. हे आत्ताच लिहून टाकते, कारण पुढे कधीतरी आपल्याला आनंद झाल्याचं आठवायला लागतं. पहिला विचार आला तो बुधवारचा. गेल्याच बुधवारी, तिच्या आठवणीसाठी गल्लीत ठेवलेल्या त्या झाडाखाली, सगळ्यांसमोर मी सांगितलं होतं की नोरीन माझ्या अ‍ॅगीला अंगाई म्हणायची. ती कधीच म्हणाली नव्हती. एकदा कसलीशी गुणगुण ऐकू आली म्हणून मी विचारलं, काय गातेस गं? तर म्हणाली, "फ्रीज आहे तो." ते फ्रीजचं गाणं मी बुधवारी अंगाई करून सांगितलं, आणि सांगता सांगता मला ते खरंच ऐकू आलं, घोगरं, वाळलेल्या शेंगांसारखं, आणि सगळे रडले. आता ही परत आली. आता ही सांगेल. झोक्यात अ‍ॅगी खिदळत होती आणि प्रत्येक वेळी तिचे बूट माझ्या पोटाजवळ येऊन दूर जात होते.

त्या गल्लीत मी गेले तीही अ‍ॅगीमुळेच. लॉकलन, माझा नवरा, सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या बोटीवर स्वयंपाकी. रात्र पाण्यावर, दिवस उशीत. बाळ तपासायला येणारी नर्स म्हणाली, चर्चच्या हॉलमध्ये नव्या आया जमतात, तिथे जात जा. मी एकदा गेले. तिथे प्रत्येकीचं बाळ रात्रभर झोपत होतं. कॉलेजात मी मानसशास्त्र शिकलेय, मला काय होतंय ते मला कळत होतं. पण कळल्याने ते जात नाही. त्याला नुसतं एक नाव मिळतं, आणि ते नाव घेऊन आपण पुन्हा त्याच खोलीत येऊन बसतो. मी झोपलेल्या अ‍ॅगीच्या नाकापुढे पावडरच्या डबीचा आरसा धरायचे. धूसर झाला की उठायचे, स्वयंपाकघरापर्यंत जायचे, आणि तिथून परत यायचे. शिंपली गल्लीत कोणी ना कोणी कायम जागं असायचं, पर्थचं घड्याळ वेगळं, ऑकलंडचं वेगळं. बेट डेस्लीचं. ती रॉकहॅम्प्टनची, आवाजाने लठ्ठ आणि उबदार, सगळ्यांना राणी-राजा म्हणणारी. तिने पहिल्याच दिवशी मला घर दिलं, पडदे लावून दिले. माझ्या छातीत दूध साकळून गाठ झाली तेव्हा कोबीचं गार पान ठेव म्हणून तिनेच सांगितलं, आणि मी तापात बरळत होते तेव्हा सबंध दुपार ती हेडफोनवर बसून होती, मधूनमधून नुसतं "आहे हं मी, राणी" म्हणत. पुढचं वाचताना हे विसरू नका. मी विसरू शकत नाही, अडचणच ती आहे.

नोरीनने असलं कधी काही केलं नाही. मी तिला म्हटलं, अ‍ॅगी रडत राहते, मला वाटतं तिला काहीतरी होतंय. ती म्हणाली, "रडतेय ना? मग जिवंत आहे. गप्प झाली की जाऊन बघ." एवढंच. डेस्लीची सगळी दुपार एका पारड्यात आणि हे वाक्य दुसऱ्या, तर मला अजून सांगता येणार नाही कोणतं जड होतं. नोरीनचा सगळ्या गल्लीत उद्योग एकच. दुपारी तिचं जेवण झालं की काठी टेकत ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि प्रत्येकाचं फाटक लावायची. तिकडे फाटक लावायला काही कारण नाही. मेंढ्या नाहीत, चोर नाहीत, आणि कोणाला यायचंच असेल तर तो उडून येतो. पण ती मेंढ्यांच्या मळ्यावर वाढलेली. उघडं फाटक दिसलं की तिच्या हाताला खाज सुटायची. शेवटच्या घरातला वॉर्विक मुद्दाम फाटक सताड टाकायचा, आणि ती लावून वळली की पुन्हा उघडायचा. "म्हातारे, मेंढ्या गेल्या बघ तुझ्या!" "तू आहेस ना अजून?" ती मागे न बघता म्हणायची. "मग कळप पुरा आहे." तिच्या खऱ्या घराचं फाटक म्हणे एका जुन्या लोखंडी पलंगाची उशाकडची बाजू होती, आईच्या पलंगाची, पोपटी रंग दिलेली. "मी घरात असले की लावलेलं. बाहेर गेले की उघडं. म्हणजे येणाऱ्याने उगाच हाका मारत बसायला नको." गावाचं नाव मात्र सांगितलं नाही. "स्ट्रीकी बे आणि सेडुनाच्या मधे कुठेतरी. का, येणारेस?" आडनावही नाही. तिकडे कोणी विचारत नाही. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या न्हाणीघरात डोकावणं. आम्हाला एकमेकांचे आजार ठाऊक, सवती ठाऊक, कोण कोणाला मुकलं ते ठाऊक. पत्ता तेवढा नाही. ही आमची सभ्यता होती, आणि तिचा आम्हाला अभिमान होता.

मे महिन्यात ती वॉर्विकला काहीतरी सुनावत होती आणि वाक्याच्या मधेच थांबली. काहीतरी पडलं, जड. मग बिशप, तिचा तो गुलाबी-करडा काकाकुवा, किंचाळायला लागला. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. तिकडचं तिचं शरीर पायरीवर तसंच बसलेलं, आणि माणूस काही वेळ हललं नाही की तिकडे सगळ्यांचीच पडते तशी थोड्या वेळाने तिची मान छातीवर पडली. "झोपली म्हातारी," वॉर्विक म्हणाला, आणि त्याने तिच्या डोक्यावर पुडिंगचं भांडं पालथं घातलं. मान पडलेल्याच्या डोक्यावर काहीतरी ठेवायचं ही गल्लीची जुनी गंमत. मी एकदा अ‍ॅगीचा लंगोट बदलून आले तर माझ्या डोक्यावर अंड्यावर बसलेली कोंबडी. तेव्हा आम्ही हसलो. बिशप किंचाळत होता आणि आम्ही हसत होतो, आणि मला आठवतंय, मी हेडफोनचा आवाज जरा कमी केला, कारण अ‍ॅगी नुकती झोपली होती. मग तिकडून सगळंच तुटलं. तिची पायरी रिकामी झाली. दिवस गेले. निरोपांना उत्तर नाही. मग वॉर्विकला त्या बाजूच्या वर्तमानपत्रात एक निधनवार्ता सापडली: एक नोरीन, वय साधारण तेवढंच, त्याच किनाऱ्यावरची, राहत्या घरी अकस्मात. आडनाव होतं, पण ते ताडून बघायला आमच्याकडे दुसरं आडनाव नव्हतं. दुसऱ्या कुठल्याही गल्लीत माणूस आहे की गेलं हे दार ठोठावून कळतं. आमच्या गल्लीत दार ठोठावलं की दाराचाच आवाज यायचा.

डेस्लीने तिचं घर उतरवलं. पाडलं म्हणत नाहीत तिकडे, उतरवलं म्हणतात. आणि त्या जागी एक झाड ठेवलं, तिच्या क्वीन्सलंडात असतात तसं, वडासारखं, भिंतीएवढ्या मुळांचं. तिकडे झाड वाढवावं लागत नाही, पूर्ण वाढलेलंच ठेवतात. खोड बरोबर नोरीनच्या स्वयंपाकघराच्या जागी आलं. त्या दिवशी मी इतकी रडले की लॉकलन झोपेतून उठून दारात आला. "काय झालं? कोण गेलं?" "शेजारीण," मी म्हटलं. तो खिडकीशी गेला, पडदा सारून बाहेर बघितलं, दोन्हीकडे. "कोणती?"

आणि मग बुधवार सुरू झाले. दर बुधवारी दुपारी त्या मुळांवर बसून एकेकाने नोरीनची एक आठवण सांगायची. मेल्यावर नोरीन गोड होत गेली. जिवंत असताना तिने डेस्लीला तोंडावर सांगितलं होतं, "तुझी माया म्हणजे ओला टॉवेल आहे, कोरड्या माणसालाही गुंडाळतेस." ते कोणी सांगितलं नाही. डेस्ली सांगायची की नोरीन तिला लेक म्हणायची. वॉर्विक सांगायचा की म्हातारी फाटक लावायची तेव्हा त्याला आपली आजी आठवायची, आणि त्याचा आवाज खरंच फाटायचा. इतर बेटांवरची माणसं यायला लागली. मार्गो नावाची एक बाई यायची, नवरा नुकताच गेलेला. तिने नोरीनला कधी बघितलं नव्हतं, पण ती सगळ्यांत जास्त रडायची. फांद्यांवर दिवे वाढत गेले. त्या झाडाखाली पुष्कळांना बरं वाटत होतं. मलाही. पावडरची डबी मी खणात टाकली ती त्याच दिवसांत. आता मागे वळून बघते तर मला दिसतं की अ‍ॅगीच्या श्वासाची धास्ती माझ्यातून गेली नव्हती. ती मी दर बुधवारी नेऊन नोरीनच्या मरणात ठेवून येत होते, आणि तिथे ती नीट मावत होती.

बागेतून घरी आले. अ‍ॅगीला भोपळ्याचा लगदा भरवला, अर्धा तिच्या कानात गेला, तो पुसला, तिला झोपवलं. मग गल्लीत गेले. नोरीन झाडात होती. तिकडे माणूस परत येतं ते आपल्या घरी उगवतं, आणि तिचं घर म्हणजे ते खोड. बाहेर नुसता चेहरा, काठी आणि एक घोटा. बाकीची ती लाकडात.

"नोरीन?"

आवाज आला तो तिचा नव्हता. ओल्या कापडातून पिळून काढल्यासारखे अर्धे शब्द. "प... पोरी. झा... झाड." मग नुसता श्वास, बराच वेळ. मग लिहिलेलं यायला लागलं, एकेक अक्षर: झटका आला. अडलेड. इस्पितळ. आता घरी. उजवा हात गेला.

"आम्हाला वाटलं तू गेलीस," मी म्हटलं.

कुठे, तिने लिहिलं.

मी हसले. सवयीने, अर्थाच्या आधी. आणि तेवढ्यात डेस्ली आली, तिच्यामागे वॉर्विक, मग एकेक करत बाकीची घरं. सगळे मुळांच्या पलीकडे अर्धवर्तुळात उभे राहिले, बुधवारी राहतात तसेच.

"तुम्ही कोण आहात?" डेस्लीने विचारलं. तिच्या तोंडून 'तुम्ही' मी पहिल्यांदा ऐकलं.

"नो... री..."

"टाकून आलीय," वॉर्विक म्हणाला. "जीभ बघ कशी लोळतेय."

"आमची मैत्रीण वारली आहे, बाई. तिच्या नावाने इथे शिरलायत तुम्ही. लाज नाही वाटत?" डेस्ली म्हणाली.

"मी. मीच."

"बरं, तुम्हीच. मग पक्ष्याचं नाव सांगा. आमच्या नोरीनचा जीव की प्राण होता तो."

मला ते नाव ठाऊक होतं, सगळ्यांनाच होतं. नाव माझ्या जिभेवर होतं आणि ते तिथेच राहिलं. "तो... तो..." ती म्हणाली. शब्द कुठेतरी तिच्यासमोरच होता, उंच फळीवर, आणि तिचा एकच हात. "तो... गु... गुलाबी..."

"गुलाबी!" वॉर्विक ओरडला. "ऐका रे, गुलाबी काकाकुवा! सबंध देशात एकच असणार!" कोणीतरी हसलं. आणि तिच्या मागून, हेडफोनमधून, बिशप स्वतः किंचाळला. तोच आवाज. मे महिन्यातला. सगळे एकदम गप्प झाले, तो पुन्हा किंचाळला, आणि त्या गप्पपणात मला स्पष्ट जाणवलं की आम्ही सगळेच जण एकच गोष्ट ऐकतोय. मग वॉर्विक म्हणाला, "पक्ष्याचे आवाज काय, कुठेही मिळतात," पण हळू म्हणाला.

नोरीन खोडातून बाहेर आली, आधी काठी, मग ती. तिची दुपार झाली असावी. ती डेस्लीच्या फाटकाशी गेली आणि तिने ते लावलं. मग पुढच्या. मग माझ्या. डावा हात चालवणाऱ्या माणसाचं शरीर तिकडेही अडखळतं. ती दर फाटकाला थोडी पुढे जायची, परत यायची, अंदाज घ्यायची. कोणी वाटेत आलं नाही. शेवटी वॉर्विकचं, सताड उघडं. तिने लावलं आणि वळली. वॉर्विक तिथेच उभा होता. त्याने ते पुन्हा उघडलं नाही.

मी डेस्लीला खासगीत लिहिलं: तीच आहे ही.

डेस्लीने लिहिलं नाही, कानात बोलली, फक्त मला ऐकू येईल असं, त्याच उबदार आवाजात. "मला डोळे नाहीत का, राणी?"

"मग?"

"मग काय? परवा बुधवार. मार्गो येईल. तिला काय सांगू? ज्या झाडाला मिठी मारून तू रडतेस ना, त्यातली बाई आत उभी आहे, तोंड वाकडं करून? पोरी, एकदा पोचवलेलं माणूस परत घेतलं तर आपल्या रडण्याचं काय करायचं? ते कुठे ठेवायचं?" तिच्या घरातला पंखा ऐकू येत होता. "आणि तुझी ती अंगाई? नोरीनला गाता यायचं नाही गं. मी काही कोणाला सांगणार नाही म्हणा."

हे धमकी म्हणून बोलली असती तर बरं झालं असतं. ती मला सांभाळून घेत होती, कोबीचं पान ठेवल्यासारखं, गार.

आमच्या गल्लीचा नियम असा, की कोणाला बाहेर काढायचं तर प्रत्येकाने तोंडाने मत द्यायचं, आणि त्या वेळी ज्याची मान पडलेली असेल त्याचं मत बहुमताकडे. नियम सोयीचा आहे. लोकांचं दूध उतू जातं, दार वाजतं, पोरं रडतात. कोणाची वाट बघत बसणार? डेस्ली म्हणाली, घेऊया मत. नोरीन गल्लीच्या मधोमध काठीवर टेकून उभी होती, आणि सगळ्यांच्याकडे नाही, माझ्याकडे तोंड करून. कदाचित तसं नसेलही. डावा हात, ती कुठेही वळली असेल. मी लिहिलं: अ‍ॅगी रडतेय, आलेच. हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि उठले. अ‍ॅगी झोपली होती. मी तिला तरी उचललं, जड, गरम, मानेच्या वळीत भोपळ्याचा वास. ती जागी झाली नाही. तिला खांद्यावर घेऊन मी खिडकीशी उभी राहिले. अंगणात कपडे वाळत घालायचं चक्र वाऱ्याने आपोआप फिरत होतं, लॉकलनचे पांढरे डगले एकामागून एक समोर येत होते आणि जात होते, हात वर केलेले. टेबलावरच्या हेडफोनमधून मुंग्यांएवढे आवाज येत होते. मी ते ऐकत नव्हते. मी डगले मोजत होते, आणि ते पुन्हा पुन्हा तेच होते. मनात म्हणत होते, रड ना गं. एकदा रड. म्हणजे मी खोटी नाही. तिने ओठ मुडपले, सुस्कारा टाकला आणि आणखी गाढ झोपली.

परत आले तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं. नोरीन नव्हती, ज्याला काढतात त्याला तिकडचं बेटच दिसेनासं होतं, नकाशावर नुसतं पाणी. झाड होतं. माझी मान छातीवर पडलेली होती, आणि माझ्या डोक्यावर कोणीतरी पुडिंगचं भांडं पालथं घातलं होतं. तेच.

फोनवर तिचा निरोप आला तो दिवस मावळताना, लॉकलन बोटीवर निघून गेल्यावर.

अ‍ॅगी रडत होती का ग खरच

अ‍ॅगी माझ्या पायाशी बसून चमचा फरशीवर आपटत होती. मी लिहिलं: हो.

ती लिहीत असल्याची खूण उमटली, गेली, पुन्हा उमटली. डावा हात, एकेक अक्षर. मग आलं: बर. मग जिवत आहे.

त्यानंतर काही नाही. मी लिहिलं, पुष्कळ लिहिलं, नोरीन, हे बघ, नोरीन, माझं ऐक. त्यातलं काहीही तिने उघडून वाचल्याची खूण नाही. पहिले दिवस मला वाटलं, रागावली आहे. मग वाटलं, रागावली असावी अशी माझी इच्छा आहे. तिचा राग मला हवा होता. पोलिसांनाही फोन केला. पलीकडचा मुलगा नम्र होता. आडनाव? नाही. पत्ता? नाही. गाव तरी? दोन गावांच्या मधे कुठेतरी. तुमचं नातं? मी म्हटलं, शेजारीण. "म्हणजे तुम्ही तिथेच राहता?" नाही, मी टास्मानियात. त्याने मग मलाच विचारलं, तुम्ही ठीक आहात ना, घरात तुमच्यासोबत कोणी आहे ना?

बुधवार चालू आहेत. मी जाते. हे वाचून तुम्हाला माझ्याबद्दल जे वाटेल ते वाटू द्या. अ‍ॅगीला दात येतायत, लॉकलन रात्री नसतो, आणि डेस्ली अजूनही "आहे हं मी, राणी" म्हणते, आणि ती असते. वॉर्विकने गल्लीतली सगळी फाटकं काढून टाकली, म्हणाला, दिसायला मोकळं वाटतं. नोरीन गेल्यानंतर एक ठग बाई तिचं नाव घेऊन आली होती आणि आम्ही तिला कसं हाकलून लावलं, ही आठवण हल्ली दर बुधवारी सांगितली जाते. ती सांगताना वॉर्विकचा आवाज फाटतो. मार्गो रडते. मी खणातून पावडरची डबी पुन्हा काढली आहे. अ‍ॅगी रडते तेव्हा मी शांत असते. ती गप्प झाली की जाऊन बघते, आणि आरशावर धुकं धरतं, आणि त्या धुक्याआड मला एक लावलेलं फाटक दिसतं.

म्हणून हे लिहिलं. तुमच्यापैकी कोणी, किंवा तुमचं कोणी, त्या किनाऱ्याने जाणार असेल तर स्ट्रीकी बे आणि सेडुनाच्या मधे जरा सावकाश जा. खाडीकडे वळणारे रस्ते असतील, त्यातल्या एखाद्यावर लोखंडी पलंगाच्या उशाचं फाटक बघा, पोपटी. उघडं असेल तर ती बाहेर गेलीय, कोणीतरी तिला डॉक्टरकडे नेलं असेल. तुम्ही पुढे निघा. लावलेलं असेल तर ती घरात आहे. हाका मारा. आतून काकाकुवा ओरडेल, त्यावर जाऊ नका, तो आम्हीही ऐकला होता. तिने शिवी हासडली, काही पाडलं, बोबडं का होईना काही म्हणाली, तर परत फिरा, आणि माझं नाव घेऊ नका. गप्प असेल तर आत जाऊन बघा.